आजोबांनी तोंडी अदलाबदल केलेलं रान, तंटामुक्तीचा कागद आणि लोकअदालत – नक्की कुठं जायचं?

ओढ्याकाठचा

मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची शेती मंगळवेढ्याच्या बाजूला. मी पिंपरीत नोकरीला, गावाकडं आईवडील. तर झालंय असं की १९८५-८६ च्या सुमारास माझे आजोबा आणि त्यांचे सख्खे चुलत भाऊ यांनी एकेक रान बदललं. त्यांचं रान आमच्या वस्तीला लागून होतं आणि आमचं त्यांच्या विहिरीला लागून, म्हणून दोघांच्या सोयीनं. मारुतीच्या पारावर सुपारी फुटली आणि संपला विषय, ना कागद ना फेरफार. सातबारा जसा होता तसाच राहिला. म्हणजे आज आम्ही कसतो त्या रानावर नाव त्यांचं, ते कसतात त्यावर आमचं. आमच्या नावावर २ एकर ३० गुंठे आहे आणि प्रत्यक्षात कसतो २ एकर १०, पण त्यावरून कधी वाद झाला नाही, जमीन आमची बरी आहे.

वाद झाला तो मोबाईलमुळं. हसू नका, खरंच सांगतोय. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवायचं, ते वडलांना जमत नाही म्हणून मी सुट्टीत गेलो की करतो. आधी कसंतरी भागायचं, आता अ‍ॅप लोकेशन बघतं. मी आमच्या डाळिंबात उभा राहून फोटो काढतोय आणि ते म्हणतंय तुम्ही गटापासून लांब आहात. बरोबरच आहे म्हणा, आमच्या नावाचा गट तिकडं विहिरीपाशी. मग मी तिकडं गेलो, चुलत्यांच्या तुरीत उभा राहून मोबाईल वर करून हिंडतोय हे त्यांच्या थोरल्या पोरानं बघितलं. त्याला वाटलं मी मोजणीला आलोय. तिथून जे सुरू झालं ते आजवर. दुसऱ्या दिवशी आमच्या वाटेवर बाभळीच्या फेसाट्या (काटेरी फांद्या) टाकल्या, ट्रॅक्टर जायचा बंद. वर कळलं की त्यानं आमच्या वहिवाटीच्या रानावर (सातबारा त्यांचाच ना) सोसायटीचं कर्ज पण उचललंय.

पोलिसात जायला वडील तयार नाहीत, भाऊबंदकी आहे म्हणतात. मग गावातल्या तंटामुक्ती अध्यक्षांनी रविवारी दोन्हीकडच्यांना ग्रामपंचायतीत बसवलं, ५०० चा स्टॅम्प आणला, "ज्याची वहिवाट त्याची मालकी, रस्ता मोकळा करणेचा आहे" असं लिहून ११ जणांच्या सह्या झाल्या, चहा झाला. चुलते रडले सुद्धा. आठवड्यात पोरगा म्हणतो त्या कागदाची पुडी बांधा भेळेला.

तालुक्यातले वकील म्हणतात दावा टाकू, पण १० वर्षं धरून चाला. एक मित्र म्हणतो लोकअदालत. कुणी म्हणतं सलोखा योजना. यातलं खरं काय, त्या स्टॅम्पला काही किंमत आहे का? जाणकारांनी सांगावं.

निवृत्त भाऊसाहेब

तुमची केस वाचून बरं वाटलं, म्हणजे भांडण वाचून नाही, तर नेमकी या दुखण्यासाठीच सलोखा योजना काढली आहे म्हणून. ३ जानेवारी २०२३ चा शासन निर्णय. मी मंडळ अधिकारी म्हणून रिटायर झालो, नोकरीत असताना अशी प्रकरणं डझनांनी बघितली, दोघांनाही बदलून घ्यायचंय पण मुद्रांक शुल्क ऐकलं की दोघेही उठून जायचे. रेडीरेकनरवर (सरकारनं ठरवलेल्या जमिनीच्या दरावर) टक्केवारी लागायची ना, स्वतःचीच जमीन स्वतःच्या नावावर करायला लाखभर कोण घालणार. सलोख्यात अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये, बस. मुळात दोन वर्षांसाठी होती, नंतर मुदत वाढली, तरी आज किती तारखेपर्यंत चालू आहे ते तलाठ्याला विचारून घ्या (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच म्हणतात आणि म्हणत राहतील).

अटी सांगतो. ताबा उलटसुलट पाहिजे, म्हणजे तुमचं त्यांच्याकडे आणि त्यांचं तुमच्याकडे, तोही किमान १२ वर्षं. तुमची तर चाळिशी होत आली. शेतजमीनच पाहिजे, प्लॉट बिगरशेती चालत नाही. क्षेत्र कमीजास्त असलं तरी अडत नाही, त्यामुळे ते २० गुंठ्यांचं टेन्शन घेऊ नका. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे दोन्ही बाजूंची संमती. एकजण जरी नाही म्हणाला तर सलोखा गुंडाळून ठेवा.

काम कसं होतं ते सांगतो कारण जीआरमध्ये ते कोरडं वाटतं. अर्ज दिला की तलाठी आणि मंडळ अधिकारी जागेवर येतात, पंचनामा करतात, शेजारच्या गटांतले किमान दोन खातेदार विचारतात की बाबा हे रान खरंच कोण कसतंय, आणि त्यांच्या सह्या घेतात. इथे घोडं पेंड खातं. शेजाऱ्याला तुमच्या भांडणाशी देणंघेणं नसतं पण त्याचा स्वतःचा बांध तुम्ही कोरलेला असतो, त्यानं हा दिवस बघूनच ठेवलेला असतो. तेव्हा पंचनाम्याच्या आधी आठ दिवस शेजाऱ्यांकडे जाऊन बसा, हात हलवत जाऊ नका.

दुसरं, ते सोसायटीचं कर्ज. बोजा असलेली जमीन तशीच अदलाबदल करून घेतली तर उद्या त्यांचं थकलेलं कर्ज तुमच्या रानावर येऊन बसेल. आधी बोजा उतरवून घ्या नाहीतर सोसायटीचं ना हरकत पत्र आणि लेखी तोड. यात भिडस्तपणा करू नका.

स्टॅम्पचं म्हणाल तर त्यानं मालकी बदलत नाही. जमिनीची अदलाबदल नोंदवलेल्या दस्तानंच होते, नोटरी केली काय आणि ११ ऐवजी १११ सह्या घेतल्या काय. पण फाडू नका हो! चाळीस वर्षांची वहिवाट चुलत्यांनी स्वतः सही करून मान्य केलीय, पंचनाम्याच्या वेळी तो कागद समोर ठेवला की निम्मं काम होतं.

वऱ्हाडी ठेचा

तंटामुक्ती म्हटलं की राहवत नाही. राजेहो, आमच्या गावाला पुरस्कार मिळाला होता. आर. आर. आबा गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला ही मोहीम निघाली, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम, तेव्हा मी कॉलेजात होतो. कल्पना एक नंबर होती, खोटं कशाला बोलू. ग्रामसभेतून समिती, गावातले वाद गावात मिटवा, पोलीस स्टेशनचा बीट जमादार पण त्यात, जुन्या कोर्टातल्या केसेस पण तडजोडीनं काढा, आणि लोकसंख्या पाहून लाखांत बक्षीस. पहिली दोन-तीन वर्षं खरंच मिटले वाद. माझ्या मोठ्या बाबाचा धुऱ्याचा (बांधाचा) १४ वर्षं चाललेला दावा एका संध्याकाळी मिटला, दोघंही म्हणे थकलेच होते, कोणीतरी म्हणायची वाट पाहत होते.

मग बक्षिसाचं वारं शिरलं. आकडा दिसला पाहिजे म्हणून कोणाला तक्रारच करू देईनात. बाई डोकं फुटून आली तरी "गावाचं नाव जाईन" म्हणून परत पाठवली, हे मी डोळ्यानं पाहिलं. मार मारणं, बाईमाणसावर हात टाकणं, हे काय तडजोडीचे विषय आहेत का? पुरस्काराच्या पैशातून वेशीवर कमान बांधली, "तंटामुक्त गाव" लिहिलं, आणि कमानीचं काँट्रॅक्ट कोणाला यावरून तंटा. आता समितीचं एकच काम उरलं, पळून आलेल्या पोरापोरीचं लग्न लावून देणं. पेपरात फोटो येते, अध्यक्ष हार घालून मधात उभा. बरं, त्यातही एक गोष्ट चांगली, जातीबाहेरचं असलं तरी लावून देतात आणि पोरीला मारू देत नाहीत, तेवढं मानतो.

तुमच्या अध्यक्षानं बसवलं ते चांगलंच केलं पण त्याच्या कागदामागे ताकद नाही. जो ऐकणारा आहे तो कागदाशिवायही ऐकते आणि जो नाही ऐकत त्याले तुम्ही पाहिलंच.

तालुक्याची ताई

मी विधी स्वयंसेवक आहे, तालुका विधी सेवा समितीकडे. वऱ्हाडीदादा म्हणतात ते डोकं फुटलेल्या बाईचं वाचून मला काहीच नवल वाटलं नाही.

ओढ्याकाठचे भाऊ, आधी मला एक सांगा, तुमच्या ११ सह्यांत बायका किती? आणि तुमच्या आत्या किती, चुलत्यांच्या बहिणी किती? सातबाऱ्यावर वारस म्हणून त्यांची नावं असतील तर त्यांच्या सह्यांशिवाय सलोखा होणार नाही आणि होऊ पण नये. मी अशी दोन प्रकरणं बघितली जिथं सगळे पुरुष पारावर बसून मिटवून मोकळे झाले आणि दुय्यम निबंधकाकडे गेल्यावर कळलं की आत्याबाईचं नाव आहे, आत्याबाई डोंबिवलीत, २० वर्षं कुणी साडीचोळी पण केली नाही, आता सहीला फोन. ती कशाला येईल?

लोकअदालतीचं सांगते. तुमचा दावा कोर्टात नसला तरी चालतं, त्याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, तिथं साध्या कागदावर अर्ज द्यायचा. समोरच्याला नोटीस जाते. वर्षातून चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत असते. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही. हा फरक आहे तंटामुक्तीच्या कागदात आणि यात. समोरचा उद्या फिरला तर तुम्ही थेट अंमलबजावणीला जाता, पुन्हा पहिल्यापासून दावा नाही. कोर्टात चालू असलेला दावा तिथं मिटला तर भरलेली कोर्ट फी पण परत मिळते.

पण जबरदस्ती तिथंही नाही बरं का. तुमचा चुलतभाऊ आलाच नाही, किंवा येऊन नाही म्हणाला, तर पॅनलवरचे जज काही करू शकत नाहीत, प्रकरण परत. मात्र अनुभव सांगते, पारावर जो बाह्या सरसावतो तो कोर्टाच्या आवारात वेगळाच असतो. मागं फिरत्या लोकअदालतीची गाडी आमच्या एका वाडीत शाळेच्या पटांगणात लावली होती, आत टेबलखुर्ची, निवृत्त जजसाहेब, बाहेर बोअरच्या पाण्यावरून भांडणारी दोन घरं. बाहेर शिव्या चालू होत्या, नाव पुकारल्यावर दोघांनीही चपला काढल्या आणि आत गेले. गाडीत चपला काढायची काही गरज नाही, शिपाई सांगत होता, तरी काढल्या. पाऊण तासात पाण्याचे वार ठरले.

आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी थांबू नका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा. तुमच्या आई खातेदार असतील तर त्यांच्या नावानं अर्ज करा. १५१०० हा नंबर देशभर चालतो. गावातल्या सीएससी सेंटरवर टेली-लॉ पण असतं, व्हिडिओवर किंवा फोनवर वकिलाशी बोलून देतात, निदान सल्ला तरी.

ओढ्याकाठचा

ताई, खरं सांगू का, सह्यांत बाई एकही नाही. सातबारा आत्ता काढून बघितला, आत्यांची दोन नावं आहेत आणि तिकडच्या बाजूला तीन. मला माहितीच नव्हतं, मी तो कागद आजवर फक्त कर्जासाठी झेरॉक्स करायला बघितलेला. एक आत्या सांगोल्यात आहे, दुसरी सुरतेला.

त्या फेसाट्यांचं काय करू? डाळिंबाची फवारणी डोक्यावरून पंप वाहून करतोय.

काळा_कोट

रस्त्याचं वेगळं काढा, मालकीच्या वादात गुंडाळू नका, हीच चूक सगळे करतात. चालू वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, अर्ज तहसीलदाराकडे. अडथळा केल्यापासून ६ महिन्यांच्या आत. ही मुदत चुकवू नका, मी हात जोडतो, लोक तडजोडीच्या बैठका घालत बसतात आणि सातव्या महिन्यात माझ्याकडे येतात. फेसाट्यांचा फोटो तारखेसकट काढा. (नवीनच रस्ता मागायचा असेल तर जमीन महसूल संहिता कलम १४३, ते तुमचं नाही.)

ताईंना एक पुरवणी. लोकअदालतीत निवाडा झाला म्हणून जमिनीच्या नवीन हक्काला मुद्रांक आणि नोंदणी लागतच नाही असं समजू नका, तिथं घोळ होतो. त्यामुळे तुमच्यासाठी माझं मत: मालकी सलोख्यातून, रस्ता तहसीलदाराकडून, आणि विहिरीचं पाणी, पाईपलाईन, कर्ज कोण फेडणार हे जे उरेल ते दाखलपूर्व लोकअदालतीत लिहून घ्या. तो वकील १० वर्षं म्हणाला ते खोटं नाही, पण दावा टाकायचा तर कशासाठी टाकायचा हे पण त्यानं सांगायला हवं होतं. आमच्याच धंद्यातला आहे, जास्त बोलत नाही.

ग्राम न्यायालयाचं कोणी काढलं नाही म्हणून सांगतो. २००८ चा कायदा, २ ऑक्टोबर २००९ पासून लागू. कागदावर वाचलं तर तुमच्यासारख्यांसाठीच केलाय असं वाटतं. न्यायाधिकारी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा, त्यानं गावोगाव फिरून कोर्ट भरवायचं, पुरावा कायद्याची सगळी काटेकोर कलमं लावायची नाहीत, आधी समेट घडवून बघायचा, दिवाणी दावा ६ महिन्यांत निकाली. विहिरीवरून पाणी घ्यायचा हक्क, पाटाच्या पाण्याची पाळी, गायरान, शेतातल्या वाट्याचे हिशेब, सगळं त्याच्या अधिकारात. देशात ५००० ग्राम न्यायालयांची भाषा होती, प्रत्यक्षात जाहीर झालेली ५०० पण नाहीत आणि त्यातली कित्येक बंद. आम्ही वकीलच तिकडं जायला तयार नव्हतो हे पण एक कारण आहे, तालुक्याचं कोर्ट सोडून एसटीनं खेड्यात कोण जाणार? तेच गाव वर्षानुवर्षं एसटीनं तालुक्याला येतंय तारखेला, ते चालतं.

पारावरचा पंच

यावरून आठवलं. लोकअदालत हा शब्द सरकारनं आणायच्या कितीतरी आधी गुजरातेत रंगपूर म्हणून आदिवासी भागातलं गाव आहे तिथं हरिवल्लभ परीख यांनी आश्रमात उघड्यावर लोकअदालत भरवायला सुरुवात केली होती, १९४९ पासून. जमीन, नवराबायको, मारामारी, सगळं तिथं यायचं, आणि गाव ऐकायला बसलेलं असायचं. पुढं १९८२ ला जुनागढ जिल्ह्यात उन्याला आताच्या पद्धतीची पहिली लोकअदालत झाली आणि १९८७ च्या कायद्यानं त्याला ताकद आली. म्हणजे मूळ गोष्ट गावचीच, शिक्का नंतर आला.

पण गावचं म्हणजे सगळं गोडच असं नाही. जातपंचायती पण गावच्याच होत्या. दंड, वाळीत टाकणं, अंगारे-धुपारे. आपल्या राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ ला, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. तेव्हा पोरानं कागद मानला नाही म्हणून उद्या तंटामुक्तीवाले "त्याच्या घरी कोणी जायचं नाही" म्हणाले तर त्यात सामील होऊ नका, उलटं तुमच्यावर येईल.

तिखट_मीठ

एवढं वाचून वाटतंय अ‍ॅपवाल्यानं लोकेशन बंद केलं असतं तर बरं झालं असतं 😀

निवृत्त भाऊसाहेब

@तिखट_मीठ, उलट बोलताय. ते अ‍ॅप नसतं तर अजून २० वर्षं कळलं नसतं, आणि तोवर सह्या देणारे सगळे वर गेले असते. चुलते हयात आहेत आणि सही करतायत, हे नशीब समजा.

ओढ्याकाठचा

अपडेट द्यायला दीड महिना लागला, माफी.

तहसीलदारांकडे रस्त्याचा अर्ज दिला, फोटोसकट. स्थळपाहणीची नोटीस निघाली त्याच दिवशी संध्याकाळी फेसाट्या उचलल्या गेल्या, कुणी उचलल्या कोण जाणे. अर्ज मात्र मागं घेतलेला नाही, काळा_कोट साहेब.

चुलतभावाशी मी स्वतः बोललो, पारावर नाही, त्याच्या गोठ्यात. त्याला पण त्रास होताच की, त्याला ठिबकचं अनुदान मिळेना कारण तो कसतो ते रान आमच्या नावावर. हे आम्हाला कुणालाच आधी सुचलं नव्हतं, दोघं एकाच अ‍ॅपला शिव्या देत होतो. कर्ज तो तूर विकून भरतो म्हणाला, नुसत्या शब्दावर नको म्हणून ताईंनी सांगितल्याप्रमाणे दाखलपूर्व अर्ज टाकलाय, पुढच्या लोकअदालतीत येईल.

सांगोल्याची आत्या हो म्हणाली. सुरतेची आत्या फोनवर दहा मिनिटं काहीच बोलली नाही, मग म्हणाली सही करते पण आंब्याखालचा पाच गुंठ्यांचा तुकडा माझ्या नावावर लावा. वडील चिडले, मी आणि आई तिच्या बाजूनं. चर्चा चालू आहे.

पंचनाम्याला दोन शेजारी लागतात त्यातला एक तयार आहे. दुसरा म्हणतो २०११ साली तुमच्या वडलांनी बांधावरची माझी बाभळ तोडली, आधी त्याचं बोला. भाऊसाहेब, बाभळीचा काय हिशेब धरायचा?